आफ्रिकन स्वाइन फीवर आला कुठून? डुकरांतील साथीचा जनुकीय माग काढण्याची पद्धत

डुकरे पटापट मरू लागली की 'रोग कोणता?' या प्रश्नाचे उत्तर रिअल टाइम पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून तो ओळखणारी चाचणी, दिवसभरात देते. 'तो आला कुठून?' हा पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. बाजारातून आणलेल्या पिलांबरोबर आला, हॉटेलच्या उष्ट्यातून आला, पैदाशीसाठी फिरवलेल्या नरामुळे आला, की रानडुकरांकडून? उत्तर चुकले तर नाकाबंदी भलत्याच रस्त्यावर होते, निरोगी डुकरे मारली जातात आणि विषाणूची खरी वाट उघडीच राहते. दोन डुकरिणींवर मुलांच्या फीचे पैसे उभे करणाऱ्या घरासाठी ही चूक फार महाग पडते.

हा लेख पशुवैद्यक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून आफ्रिकन स्वाइन फीवर, म्हणजे एएसएफ, घेतला आहे. भारतात तो २०२०च्या सुरुवातीला आसाम आणि अरुणाचल प्रदेशात शिरला आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत त्याचे निदान पक्के झाले. हा विषाणू जीनोटाइप २चा, म्हणजे जनुकांवरून पाडलेल्या गटांपैकी दुसऱ्या गटाचा, होता. हाच जीनोटाइप २००७मध्ये जॉर्जियात उतरला, २०१४मध्ये लिथुआनिया आणि पोलंडमध्ये पोहोचला आणि ऑगस्ट २०१८मध्ये चीनमध्ये सापडला.

आधी विषाणूचा वेग समजून घ्या

एएसएफचा विषाणू दुहेरी धाग्याच्या डीएनएचा असतो. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, साधारण १,७०,००० ते १,९३,००० बेसचा (बेस म्हणजे त्या मजकुरातले एक अक्षर); विषाणूंच्या मानाने प्रचंड मोठा. पण तो सावकाश बदलतो. संपूर्ण जीनोममध्ये वर्षाकाठी मोजकेच बेस बदलतात. डुकरांच्या पीआरआरएस या प्रजनन आणि श्वसनाच्या रोगाचा विषाणू याच्या अगदी उलट. तो आरएनएचा, जेमतेम १५,००० बेसचा आणि झपाट्याने बदलणारा. म्हणून त्याच्या ओआरएफ-५ या सुमारे ६०० बेसच्या जनुकावरूनसुद्धा एका फार्मचा विषाणू दुसऱ्या फार्मच्या विषाणूपासून बऱ्याचदा वेगळा ओळखता येतो. २०१३मध्ये मिझोराममध्ये पीआरआरएस आला, तेव्हा तो चीनमधल्या तीव्र प्रकाराच्या जवळचा असल्याचे सीक्वेन्सवरूनच, म्हणजे बेसच्या क्रमावरूनच, कळले. एएसएफमध्ये ६०० बेस वाचून हे साधत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ पक्का लक्षात ठेवा. एएसएफमध्ये डुकरांच्या दोन वाड्यांतले विषाणू वेगळे निघाले तर ती मोठी माहिती आहे. सारखे निघाले तर हाती फारसे काही लागलेले नाही, कारण दोनशे किलोमीटर अंतरावरच्या दोन साथींचे विषाणूही सारखे निघू शकतात. 'सीक्वेन्स १०० टक्के जुळला, म्हणून या वाड्यातूनच त्या वाड्यात रोग गेला' असे वाक्य अहवालात आले, तर तो अहवाल परत पाठवावा.

कोणत्या प्रश्नाला जीनोमचा कोणता तुकडा

इथे घाई करू नका. चुकीचा तुकडा निवडला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पहिला तुकडा पी७२ प्रथिनाच्या जनुकाचा, म्हणजे बी६४६एलचा. त्याच्या शेवटच्या भागातला ४७८ बेसचा तुकडा पी७२-यू आणि पी७२-डी या प्राइमरच्या (हव्या तुकड्याची टोके पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) जोडीने वाढवतात. रूढ वर्गीकरणातले २४ जीनोटाइप यावरच ठरले आहेत. दोन जीनोटाइप वेगळे ओळखायचे असतील तर हा तुकडा पुरतो. सार्डिनिया बेटावर १९७८पासून जीनोटाइप १ होता. जानेवारी २०२२मध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर पिएमोंते-लिगुरिया भागातल्या रानडुकरांत एएसएफ सापडला आणि तो जीनोटाइप २ निघाला. सार्डिनियातून तो आला नाही, हे एका तुकड्यावर ठरले. सप्टेंबर २०२३मध्ये खुद्द सार्डिनियात पाळीव डुकरांमध्ये जीनोटाइप २ सापडला, तेव्हाही जुना विषाणू पुन्हा उफाळलेला नसून नवा बाहेरून आला आहे, हे याच तुकड्याने सांगितले.

पण आसामातल्या एका जिल्ह्याचा विषाणू शेजारच्या जिल्ह्यातून आला का, हे पी७२ कधीच सांगणार नाही. जीनोटाइप २च्या सगळ्या विषाणूंत हा तुकडा जवळपास एकसारखाच असतो. निदानाच्या पीसीआरमध्ये पीपीए-१ आणि पीपीए-२ या प्राइमरनी मिळणारा २५७ बेसचा तुकडा तर मागासाठी वाचूच नये. कुठलाही एएसएफ विषाणू निसटू नये म्हणून मुद्दाम न बदलणारा भाग शोधून तो निवडलेला आहे.

यापुढची पायरी म्हणजे पी५४चे जनुक ई१८३एल, सीडी२व्ही प्रथिनाचे जनुक ईपी४०२आर आणि बी६०२एल जनुकातला मधला बदलता भाग. या तिन्हींनी पी७२चा निष्कर्ष तपासून घेता येतो, पण जीनोटाइप २च्या आत फार खोल जाता येत नाही.

त्याहून उपयोगी तुकडा आय७३आर आणि आय३२९एल या दोन जनुकांच्या मधल्या जागेत आहे. तिथे १० बेसचा एक छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो. २००७च्या जॉर्जियातल्या विषाणूत तो जितक्या वेळा आहे, त्या प्रकाराला आयजीआर-१ म्हणतात. त्याची एक प्रत वाढली की आयजीआर-२. ईसीओ१ए आणि ईसीओ१बी या प्राइमरनी हा भाग वाढवतात. १० बेसचा हा फरक साध्या अगारोज जेलवर डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका. दोन पट्ट्या सारख्याच दिसतात. सिक्वेन्सिंग करावेच लागते. शिवाय अशा प्रती स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या ठिकाणीही वाढू शकतात, त्यामुळे आयजीआर प्रकार एकच असणे हा नात्याचा पुरावा होत नाही. पोलंडमध्ये ओ१७४एल जनुकातली १४ बेसची भर आणि के१४५आर, एमजीएफ ५०५-५आर या जनुकांतले बदल अशा खुणा गोळा केल्या गेल्या, तेव्हा कुठे देशातल्या देशात गट पाडता आले.

पूर्ण जीनोम हाच खरा मार्ग आहे, पण तो प्रत्येक नमुन्यासाठी परवडत नाही. पहिला नमुना, नव्या जिल्ह्यातला पहिला नमुना आणि ज्या ठिकाणी साथीची वाट समजत नाही असे दोन-तीन नमुने, एवढ्यांचे पूर्ण जीनोम वाचा. बाकीच्यांना तीन-चार तुकडे पुरतात.

एकट्या पी७२वर न थांबण्याचे आणखी एक सबळ कारण २०२३मध्ये समोर आले. चीनमध्ये जीनोटाइप १ आणि २ यांची सरमिसळ झालेले, डुकरांना मारक असे विषाणू सापडले आणि नंतर ते व्हिएतनाममध्येही दिसले. त्यांचा पी७२ तुकडा जीनोटाइप १चा, तर सीडी२व्हीचे जनुक जीनोटाइप २चे. फक्त पी७२ वाचणारी प्रयोगशाळा त्यांना 'जीनोटाइप १' म्हणून मोकळी होईल. ईशान्य भारताला हा धोका दूरचा नाही. म्हणून बी६४६एल आणि ईपी४०२आर हे दोन्ही तुकडे नेहमी जोडीने वाचायचे, हा नियमच करून टाकावा.

नमुना: इथेच अर्धे काम बिघडते

एएसएफचा संशय असेल तर मेलेले डुक्कर उघड्यावर फाडू नका. रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो आणि सांडलेले रक्त महिनोन्महिने संसर्ग देते. जांघेतल्या कातडीखालची लसीका ग्रंथी छोटा छेद घेऊन काढता येते, शिवाय रक्ताचा स्वॅब घेता येतो. तेवढे निदानालाही पुरते आणि बऱ्याचदा सिक्वेन्सिंगलाही. पूर्ण शवविच्छेदन करायचेच असेल तर ते पुरण्याच्या खड्ड्याच्या काठावर, ताडपत्रीवर करा. प्लीहा, पोटाजवळच्या आणि मूत्रपिंडाजवळच्या लसीका ग्रंथी, टॉन्सिल आणि मूत्रपिंड यांचे ५ ते १० ग्रॅमचे तुकडे घ्या. प्रेत कुजलेले असेल तर लांब हाड किंवा उरोस्थी घ्या. त्यातल्या मगजात डीएनए टिकलेला असतो.

जिवंत डुकरातून घेताना ताप चढलेले, म्हणजे ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर असलेले जनावर निवडा. ३ ते ५ मिलिलिटर रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घ्या. हेपारिनची हिरवी नळी नको, हेपारिन पीसीआर अडवते. नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा. गुठळी झाली तर डीएनए कमी मिळतो. बरे झालेले डुक्कर प्रतिपिंडांच्या तपासणीला चालते, सिक्वेन्सिंगला त्याचा उपयोग जवळपास नसतो.

एका वाड्यातून किमान तीन जनावरांचे नमुने घ्या, त्यांत सर्वांत आधी आजारी पडलेले एक असू द्या. प्रत्येकासाठी नवे ब्लेड आणि नवे हातमोजे. एकाच सुरीने तीन डुकरे कापली की प्रयोगशाळेला तीन नव्हे, एकच मिश्रण मिळते. पुन्हा वापरायची हत्यारे आणि गमबूट २ टक्के कॉस्टिक सोड्याने धुवा. ते करण्याआधी शेण-रक्त साबणाने घासून काढा, नाहीतर जंतुनाशक वरच्या थरावरच संपते. एका दिवसात एकाच संशयित वाड्यात जा. विषाणू पशुवैद्यकाच्या बुटांवरूनही फिरतो.

नमुना ४ अंशांवर, बर्फाच्या पिशव्यांसह पाठवा. शीतसाखळी शक्यच नसेल तर ऊतींचा तुकडा ग्लिसरोसलाइनमध्ये टाकतात किंवा रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर वाळवतात. पीसीआर आणि तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगला ते चालते, पूर्ण जीनोमला मात्र अपुरे पडते. फक्त फॉर्मॅलिनमधला नमुना कधीही पाठवू नका. त्यात डीएनएचे तुकडे-तुकडे होतात.

पॅकिंग तिहेरी: नळी, तिच्याभोवती शोषक कापूस आणि न गळणारा डबा, बाहेर कडक खोके. खोक्यावर यूएन ३३७३ची खूण. संशयित नमुना खाजगी लॅबला कुरियर करायचा नाही. २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखाली कळवण्याचे बंधन आहे. महाराष्ट्रातून नमुना पुण्याच्या औंध येथील पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेमार्फत आणि ईशान्येतून गुवाहाटीच्या विभागीय प्रयोगशाळेमार्फत भोपाळला जातो.

डोळ्यांनी एएसएफ आणि क्लासिकल स्वाइन फीवर वेगळे ओळखता येत नाहीत. ताप, कानांवर-पोटावर लालसर निळे डाग, भराभर मरणे, दोन्हींत तेच. क्लासिकल स्वाइन फीवरचा विषाणू आरएनएचा आणि सुमारे १२,३०० बेसचा. आरएनए लवकर नासतो, म्हणून प्रत्येक नमुन्याची एक छोटी कुपी आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात वेगळी ठेवा. त्याच्या मागासाठी ५' टोकाचा १५० बेसचा, ई२ जनुकाचा १९० बेसचा आणि एनएस५बीचा ४०९ बेसचा असे तुकडे वापरतात. लस टोचून काही दिवसच झालेले डुक्कर या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकते. लशीचा विषाणू जीनोटाइप १.१चा आणि भारतात १.१चे रानटी विषाणूही फिरत आले आहेत, त्यामुळे गटाच्या नावावर न थांबता लशीच्या सीक्वेन्सशी बेस-बेस तुलना करा आणि फॉर्मवर लसीकरणाची तारीख लिहाच.

कागद, ज्याच्याशिवाय सीक्वेन्स मुका असतो

प्रत्येक नमुन्याबरोबर ही माहिती हवी: वाड्याचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, एकूण डुकरे, आजारी आणि मेलेली डुकरे, पहिले लक्षण दिसल्याची तारीख, नमुन्याची तारीख. त्यानंतर गेल्या ३० दिवसांतल्या येण्याजाण्याची नोंद: कोणाकडून जनावर घेतले, कोणाला विकले, कोणता नर आणला, व्यापाऱ्याची गाडी दारात आली का, उष्टे कुठल्या खानावळीचे, मांस बाहेरून आणले का.

ही उत्तरे मालक पहिल्या भेटीत देत नाही. दंड होईल, भरपाई बुडेल ही भीती असते आणि ती अगदीच निराधार नसते. म्हणून आधी भरपाईची प्रक्रिया समजावून सांगा, पंचनामा नीट करा, मग विचारा. विचारताना 'उष्टे घालता का?' असे न विचारता 'काल सकाळी काय घातले? ते कुठून आणले?' असे विचारा. आजारी पडलेले डुक्कर घाईने स्वस्तात विकले गेले असेल तर तीच बहुतेक वेळा साथीची पुढची कडी असते, आणि ती फक्त विश्वासाने कळते. मालकाचे नाव सीक्वेन्सच्या नावात किंवा जाहीर माहितीत कधीही येऊ देऊ नका. देश, राज्य, जिल्हा, नमुना क्रमांक आणि वर्ष पुरे.

डीएनए काढणे आणि पीसीआर

जिवंत विषाणू वाढवण्याचे काम जैवसुरक्षा पातळी ३च्या प्रयोगशाळेतच होते आणि मागासाठी त्याची गरजही नाही. नमुना सुरक्षा कॅबिनेटमध्ये उघडून शक्य तितक्या लवकर लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) टाका.

स्पिन कॉलम किटसाठी रक्त २०० मायक्रोलिटर, साधी ऊती २५ मिलिग्रॅम, प्लीहा मात्र १० मिलिग्रॅमच. प्लीहेत पेशी इतक्या दाट असतात की जास्त टाकली तर कॉलम तुंबतो आणि उलट कमी डीएनए मिळतो. प्रोटीनेज के घालून ५६ अंशांवर तुकडा पूर्ण विरघळेपर्यंत ठेवा. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना, म्हणजे नुसते बफर, शेवटपर्यंत न्या.

रिअल टाइम पीसीआरचा सीटी आकडा, म्हणजे कितव्या फेरीत विषाणूचा डीएनए दिसू लागला तो आकडा, फक्त 'आहे-नाही'साठी वाचू नका. तो ३.३ने वाढला की विषाणूचा डीएनए साधारण दहापट कमी असतो. म्हणजे सीटी १८ आणि सीटी २८ यांत हजारपटीचा फरक. तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगला सीटी ३२-३३पर्यंत प्रयत्न करता येतो. थेट पूर्ण जीनोमसाठी २०च्या आतला नमुना निवडा. २५च्या पुढे समृद्धीकरणाशिवाय, म्हणजे विषाणूच्या डीएनएचा वाटा वाढवल्याशिवाय, पैसे घालवू नका. रक्ताचा नमुना अपेक्षेपेक्षा उशिरा वर आला तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर आकडा सुधारला, तर अडथळा आणणारे द्रव्य आत आहे.

आता सर्वांत धोकादायक गोष्ट. एएसएफचे विषाणू मुळातच एकमेकांसारखे असतात, त्यामुळे लॅबमधली भेसळ आणि खरी साथ सीक्वेन्समध्ये अगदी सारखीच दिसते. पॉझिटिव्ह कंट्रोलचा (चाचणी चालते हे दाखवण्यासाठी लावलेल्या, विषाणूचा डीएनए असलेल्या नमुन्याचा) थेंब दहा नळ्यांत उडाला तर दहा 'एकसारखे' विषाणू मिळतील आणि त्यावर जिल्हाभर पसरलेल्या साथीची कहाणी रचली जाईल. याला उपाय आधीच करावा लागतो. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून असा प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे कडे) वापरा, ज्यात दोन-तीन बेस मुद्दाम बदललेले आहेत. ती खूण नमुन्यात दिसली की भेसळ जागीच पकडली जाते. मास्टर मिक्सची (पीसीआरच्या रसायनांच्या मिश्रणाची) खोली वेगळी, डीएनए घालण्याची वेगळी, पीसीआरनंतरच्या नळ्या उघडण्याची तिसरी. माणसाने या क्रमाने पुढेच जायचे, त्या दिवशी मागे यायचे नाही.

सँगर सिक्वेन्सिंग

सँगर ही एकेक छोटा तुकडा वाचण्याची पद्धत. पीसीआरचा ५ मायक्रोलिटर भाग १.५ ते २ टक्के जेलवर चालवा. एकच ठसठशीत पट्टी असेल तर उरलेला भाग शुद्ध करून पाठवा. दोन पट्ट्या असतील तर हवी ती कापून घ्या. दोन्ही दिशांनी वाचून घ्या. आलेल्या फाइलचे नुसते अक्षरांचे रूप न घेता शिखरांचा आलेख उघडा. सुरुवातीचे ३०-४० बेस कापा, शेवटी शिखरे पसरू लागतात तिथून पुढचे कापा. दोन दिशांत मतभेद असलेला बेस आलेखावर पाहून ठरवा. ठरत नसेल तर 'एन' (बेस माहीत नाही) लिहा. एकाच बेसच्या लांब रांगेनंतर शिखरे एकमेकांत मिसळतात. तो पीसीआरच्या एन्झाइमचा दोष आहे, विषाणूचे दोन प्रकार आहेत असे समजू नका. उलट्या दिशेच्या वाचनातून पलीकडचा भाग भरून काढा.

दुहेरी शिखर दोन्ही दिशांनी, पुन्हा केलेल्या पीसीआरमध्येही त्याच जागी आले, तर मात्र मिश्र संसर्गाचा विचार करा.

पूर्ण जीनोम

नमुन्यातला बहुतेक डीएनए डुकराचा असतो, ही इथली मूळ अडचण आहे. हिशेब असा: १,९०,००० बेसचा जीनोम १०० वेळा वाचायचा तर १.९ कोटी बेस पुरेत. पण वाचनांत विषाणूचा वाटा १ टक्का असेल तर १९० कोटी बेस वाचावे लागतात, म्हणजे १५० बेसच्या दुहेरी वाचनांच्या सुमारे ६३ लाख जोड्या. वाटा ०.१ टक्का असेल तर त्याच्या दहापट. म्हणून आधी थोडे वाचन करून वाटा मोजा, मग पूर्ण फेरीचे पैसे भरा.

वाटा वाढवायचे तीन मार्ग आहेत. ताज्या नमुन्यात पेशी बाजूला काढून उरलेल्या द्रवावर डीएनेझची प्रक्रिया करता येते: उघडा डीएनए नष्ट होतो, कवचातला विषाणूचा टिकतो. गोठवून वितळवलेल्या जुन्या नमुन्यात हे फसते, कारण कवचेही फुटलेली असतात. दुसरा मार्ग विषाणूच्या डीएनएला चिकटणाऱ्या प्रोबनी तो गळाला लावण्याचा. महाग, पण कमजोर नमुन्यातूनही चालतो. तिसरा मार्ग एकमेकांवर थोडे चढणारे लांब पीसीआर तुकडे वाढवून नॅनोपोर या लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्रावर वाचण्याचा. यात विषाणूचा मोठा भाग गळालेला असेल तर तिथला तुकडा मिळतच नाही, आणि नेमकी तीच महत्त्वाची खूण असू शकते.

नॅनोपोर वेगवान आहे, पण एएसएफच्या जीनोममध्ये एकाच बेसच्या रांगा भरपूर. सलग नऊ-दहा जी असले की एखादा कमी-जास्त मोजला जातो आणि जनुक तुटल्याचा खोटा भास होतो. अशा जागी निष्कर्ष काढण्याआधी सँगरने किंवा इल्युमिना यंत्राच्या छोट्या वाचनांनी खात्री करा. जीनोमच्या दोन्ही टोकांचे उलटसुलट पुन्हा येणारे भागही नीट जुळत नाहीत. ते तुलनेतून वगळा.

विश्लेषणाचा क्रम: आधी डुकराच्या संदर्भ जीनोमशी जुळणारी वाचने काढून टाका. उरलेली वाचने बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रामने, नॅनोपोर असेल तर मिनीमॅप२ने, जॉर्जिया २००७/१ या संदर्भ जीनोमवर बसवा. त्याचा जेनबँक (सीक्वेन्सचा खुला जागतिक साठा) क्रमांक एफआर६८२४६८. सोबत स्पेड्सने संदर्भाशिवायही जुळणी करा. फक्त संदर्भावर बसवले तर मोठ्या वजाबाक्या आणि नव्या भरी नजरेतून सुटतात, आणि दोन्ही टोकांजवळच्या एमजीएफ या कुळातल्या जनुकांत त्या वारंवार होतात.

एक चूक फार ठिकाणी दिसते. जिथे वाचने पोहोचली नाहीत तिथे काही प्रोग्राम गुपचूप संदर्भ जीनोमचे बेस भरतात. बीसीएफटूल्सच्या कन्सेन्सस आज्ञेत न वाचलेल्या जागा झाकणारी मास्क फाइल दिली नाही तर हेच होते. परिणामी अर्धवट वाचलेला जीनोम जॉर्जियाच्या विषाणूचा सख्खा भाऊ दिसू लागतो. वाचनाची खोली, म्हणजे एका जागेवर आलेल्या वाचनांची संख्या, २०पेक्षा कमी असलेल्या प्रत्येक जागी 'एन' भरा आणि किती टक्के जीनोम खरोखर वाचला गेला हे अहवालात लिहा.

आय१७७एल, ईपी४०२आर आणि एमजीएफ जनुके जागेवर आहेत ना, हेही तपासा. व्हिएतनामने २०२२मध्ये परवानगी दिलेली जिवंत लस आय१७७एल जनुक वगळून केलेली आहे, आणि चीनमध्ये जनुके गळालेले विषाणू वाड्यांत सापडले आहेत. भारतात एएसएफची लस देण्याची परवानगी नाही. असे जनुक गायब दिसले तर चोरून आणलेल्या लशीची शक्यता उभी राहते, आणि ते लगेच वर कळवावे लागते.

तुलना आणि निष्कर्ष

मॅफ्टने सीक्वेन्स एका रेषेत लावा, आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष काढा, १,००० बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते पाहण्याच्या पुनर्तपासण्या) घ्या. पण दहा-वीस जीनोमांत मिळून पाच-सात बदल असतील तर वृक्षाच्या फांद्या देखण्या दिसतात आणि काहीच सांगत नाहीत. तिथे बदलांचा साधा तक्ता आणि हॅप्लोटाइपचे, म्हणजे एकसारख्या सीक्वेन्सच्या गटांचे, जाळे जास्त प्रामाणिक ठरते.

समजा, चार वाडे आहेत. 'क'चा विषाणू जिल्ह्यात आधी सापडलेल्या विषाणूशी तंतोतंत जुळतो. 'ख'मध्ये एक नवा बदल आहे. 'ग'मध्ये तोच बदल आणि शिवाय दुसरा एक. 'घ'मध्ये या दोन्हींपैकी एकही नाही, पण तिसराच बदल आहे. यावरून ठामपणे एवढेच म्हणता येते की 'ख' आणि 'ग' यांची मुळे जवळची आहेत आणि 'घ'ला रोग 'ख' किंवा 'ग'कडून आलेला नसावा, कारण त्यासाठी झालेला बदल पुसला जावा लागेल. 'ख'कडून 'ग'कडे बाण काढायचा मोह होतो. पण दोघांनी एकाच व्यापाऱ्याकडून पिले घेतली असतील तरीही तक्ता असाच दिसेल. आता नोंदीचा कागद उघडा. दोघांनी एकच नर आणला होता, 'ख'मध्ये मरतूक आठवडाभर आधी सुरू झाली आणि मधल्या दिवसांत तो नर 'ग'कडे गेला, असे निघाले तर बाण काढा. 'घ'चा मालक उष्टे घालतो असे दिसले तर तिकडे वेगळी शोधमोहीम सुरू करा.

तुलनेसाठी आसपासचे जुने जीनोम असावेच लागतात. शेजारच्या राज्याचा एकही जीनोम जेनबँकमध्ये नसेल आणि चीनचे डझनावारी असतील, तर आपला विषाणू चीनच्या सर्वांत जवळचा दिसणारच. याचा अर्थ तो थेट चीनमधून आला असा होत नाही. तारखांवरून वंशकाल काढणारे प्रोग्राम चालवण्याआधी टेम्पएस्टमध्ये बदलांची संख्या काळाबरोबर खरोखर वाढते का ते पाहा. काही महिन्यांच्या एएसएफ नमुन्यांत ती बहुतेक वेळा वाढताना दिसत नाही, आणि मग मिळालेल्या तारखेला अर्थ राहत नाही.

अहवालात प्रत्येक जोडीसाठी तीनच शेरे वापरा: 'थेट संबंध नाकारता येतो', 'संबंध शक्य आहे, नोंदींचा दुजोरा आहे', 'सीक्वेन्सवरून ठरत नाही'. शेतावर जाणाऱ्या अधिकाऱ्याला वंशवृक्षाचे चित्र नको असते, कोणत्या बाजारावर आणि कोणत्या गाडीवर लक्ष ठेवायचे ते हवे असते; पहिल्या पानावर तेच लिहा.

डुकरे मारण्याचा आणि नाकाबंदीचा निर्णय सीक्वेन्ससाठी अडवायचा नाही. राष्ट्रीय कृती आराखड्यात साथीच्या केंद्राभोवती १ किलोमीटरचा बाधित आणि १० किलोमीटरचा निगराणी पट्टा आहे. पीसीआर पक्की झाली की तो लागू होतो. सीक्वेन्स येईल तेव्हा निगराणी कोणत्या दिशेला वाढवायची हे बदलता येते. प्रत्येक नमुन्याची एक न उघडलेली कुपी उणे ८० अंशांवर, नोंदीच्या फॉर्मच्या प्रतीसह, राखून ठेवा. पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात साथ उठली की तुलनेला पहिली हीच लागेल.